रोंदा: नव्या पुलाखालचं जुनं पाणी

दक्षिण स्पेनमधल्या रोंदा गावात लोक सकाळी अकराला बसमधून उतरतात, पुलावर फोटो काढतात, जेवतात आणि पाचच्या आत मालागाच्या समुद्रकिनाऱ्याकडे परत निघतात. आम्ही तिथे तीन रात्री राहणार म्हटल्यावर मुक्कामाच्या मालकीणबाईंनी तीन बोटं वर करून खात्री करून घेतली. हो, तीनच.

सोबत बाबा होते. वय बहात्तर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, निम्मी नोकरी औरंगाबादेत झालेली. (शहराचं नाव बदललं, बाबांच्या तोंडातलं बदललं नाही.) उजवा गुडघा कुरकुरतो. ग्रानादाचा अलहंब्रा बघून झाला तेव्हा ते म्हणाले, "राजवाडा छान आहे गं, पण पाणी कुठून आणलं ते कोणी धड सांगत नाही." मग मी त्यांना रोंदाच्या 'मिना'बद्दल सांगितलं: कड्याच्या पोटातून थेट नदीपर्यंत मूरांनी खोदलेला जिना. त्यानंतर दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

मूर म्हणजे कोण हे एका वाक्यात सांगून टाकते. ७११ साली उत्तर आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आलेले अरब आणि बर्बर मुसलमान, आणि पुढे त्यांच्या राज्यात वाढलेली त्यांची प्रजा. रोंदा त्यांच्याकडे १४८५ पर्यंत होतं, म्हणजे जवळजवळ पावणेआठशे वर्षं.

२६ फेब्रुवारी: वांगं आणि काकवी

मालागाहून बसने दोन तास लागले. डोंगरउतारावर बदामाची झाडं फुललेली, पांढरी-गुलाबी, अंगावर एक पान नाही. घाटाच्या वळणांनी मला मळमळलं. बाबा खिडकीला नाक लावून टेकड्यांवरच्या ऑलिव्हच्या रांगा बघत होते.

गावात पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. दगडी गल्लीत माझ्या बॅगेचं एक चाक निखळलं आणि गटाराच्या जाळीत गेलं. त्यामुळे खोलीवर बॅग टाकून बाहेर पडेपर्यंत पावणेचार. स्पेनमध्ये दुपारचं स्वयंपाकघर चारला बंद होतं आणि रात्री आठच्या आधी उघडत नाही. मधल्या वेळेत कॉफी मिळेल, बिअर मिळेल, जेवण मिळणार नाही. हे पाठ करून जा. एका छोट्या खानावळीतल्या बाईंनी आमच्याकडे आणि मग घड्याळाकडे बघितलं आणि खुर्ची ओढून दिली.

बाबा अंडं खातात, मांस-मासे नाही. अशा माणसासाठी या भागात दोन शब्द मंत्रासारखे आहेत: 'सिन हामोन', हामोन नको. हामोन म्हणजे वाळवलेलं डुकराचं मांस, आणि ते शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थावरही कोथिंबीर भुरभुरल्यासारखं टाकतात. 'साल्मोरेहो' हे टोमॅटो, पाव, लसूण आणि तेलाचं दाट थंडगार सार तसं निरुपद्रवी. पण न सांगता मागवलंत तर वर हामोन येणारच.

बाईंनी स्वतःहून आणलं ते 'बेरेनहेनास कोन मिएल'. वांग्याचे पातळ काप पिठात घोळवून कुरकुरीत तळलेले, आणि त्यावर काळपट, दाट, गोड धार. मिएल म्हणजे मध. बाबांनी बोट बुडवून चाटलं आणि म्हणाले, "हा मध नाही. ही काकवी आहे."

खरंच काकवी होती. पूर्ण नाव 'मिएल दे कान्या', उसाचा मध. ऊस अरबांनीच स्पेनमध्ये आणला, आणि मालागाजवळच्या फ्रिहिलियाना गावात ती अजून बनते. वांगंही त्यांनीच आणलं. आपल्याकडच्या संस्कृतातल्या 'वातिंगण'चं फारसीत 'बादिंगान' झालं, अरबीत 'अल-बादिंजान', स्पॅनिशमध्ये 'बेरेनहेना'. पोर्तुगीजांनी त्याचं 'बेरिंजेला' केलं आणि तेच पुन्हा बोटीत बसून हिंदुस्थानात येऊन इंग्रजांच्या तोंडी 'ब्रिंजल' झालं. आपलं वांगं घरीच होतं, ते जगभर हिंडून घरी आलं तेव्हा कोणी ओळखलं नाही. हे मी बाबांना सांगत होते तोवर त्यांनी ताटली संपवली होती.

संध्याकाळी पुलावर गेलो. रोंदाचा पूल म्हणजे 'पुएंते नुएवो', नवा पूल. नवा म्हणजे १७९३ साली पुरा झालेला. पुण्यात शिवाजी पुलाला अजून 'नवा पूल' म्हणणाऱ्या माणसाला यात काहीच वावगं वाटत नाही. ग्वादालेविन नदीने गाव मधोमध चिरलं आहे आणि त्या दरीवर ९८ मीटर उंच दगडी कमानी उभ्या आहेत. कठड्यावरून वाकून बघितलं की पोटात कालवतं. खाली लाल चोचीचे, कावळ्यासारखे काळे पक्षी घिरट्या घालत होते. पक्ष्यांच्या पाठी वरून बघायची सवय नसते.

बाबांनी फोटो काढला नाही. बराच वेळ वाकून ते पुलाचे पाय बघत राहिले. याच जागी १७३५ साली आधी एक पूल बांधला होता, आठ महिन्यांत. तो १७४१ साली कोसळला आणि पन्नासेक माणसं गेली. मग आजचा पूल १७५१ ला सुरू करून बेचाळीस वर्षं घेतली. हे मी वाचून दाखवल्यावर बाबा म्हणाले, "आठ महिने! उद्घाटनाची तारीख आधी ठरली असणार."

एक गोष्ट मात्र इथेच लक्षात ठेवावी. हा पूल मूरांचा नाही. ते जाऊन अडीचशेहून जास्त वर्षं झाल्यावर तो सुरू झाला. रोंदात नावांवर विश्वास ठेवायचा नाही, हे पुढच्या दोन दिवसांत कळत गेलं.

रात्री नऊला गल्ल्या रिकाम्या होत्या. सहलीच्या बसा गेल्या की गाव आपलं आपल्याला परत मिळतं. मुक्काम करायचा तो एवढ्यासाठी. आणि फेब्रुवारीत जात असाल तर स्वेटरवर भागवू नका. गाव सातशे मीटरहून उंचावर आहे, रात्री हात खिशाबाहेर काढवत नव्हता.

२७ फेब्रुवारी: धुकं, हमामखाना आणि पखाली

सकाळी खिडकी उघडली तर समोर काही नव्हतं. दरी धुक्याने काठोकाठ भरलेली, दुधाचं पातेलं उतू जायच्या बेतात असावं तशी. नंतर कळलं की ग्वादालेविन हे नाव अरबी 'वादी अल-लबन'वरून आलं म्हणतात: दुधाची नदी. स्पेनच्या नकाशावर 'ग्वाद'ने सुरू होणाऱ्या जितक्या नद्या दिसतील, त्यातल्या बहुतेकींत हा 'वादी' लपलेला आहे.

न्याहारीला भाजलेला पाव, किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्हचं तेल. तेल चमचाभर नाही, पाव भिजेपर्यंत. बाबांनी पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली आणि वर भुरभुरली. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने मान वाकडी करून बघितलं, बाबांनी पुडी पुढे केली, त्याने चिमूटभर घेतली, डोळे पुसले आणि अंगठा वर केला. भाषेची गरज पडली नाही.

जुन्या वस्तीतून फेलिपे पाचव्याच्या कमानीखालून उतरत १६१६ सालच्या 'जुन्या पुलाशी' आलो. अजून खाली एक छोटा, एका कमानीचा पूल आहे. त्याला रोमन पूल म्हणतात. तो मूरांच्या काळातला धरतात. नावांचा घोळ इथेही. त्याच्याच अंगाला आहेत 'बान्योस आराबेस', तेराव्या शतकातला हमामखाना. स्पेनमध्ये इतके शाबूत अरबी हमाम फार थोडे उरलेत.

बाहेरून बघाल तर जमिनीत अर्धं रुतलेलं विटांचं बांधकाम. आत मात्र एकामागून एक तीन दालनं: गार, कोमट, गरम. मधलं सगळ्यात मोठं, नालाच्या आकाराच्या कमानींच्या रांगांचं. छत अर्धगोल, आणि त्यात चांदणीच्या आकाराची भोकं. आम्ही आत शिरलो तेव्हा बाहेरचं धुकं विरळ होत होतं. त्या भोकांतून उजेडाचे तिरपे खांब उतरले आणि फरशीवर चांदण्या पडल्या. आमच्याखेरीज तिथे दोनच माणसं होती. दोघांनीही मोबाईल खाली ठेवले. असं क्वचित होतं.

बाबांना चांदण्यांशी देणंघेणं नव्हतं. ते शेवटच्या दालनात, जिथे भट्टी होती तिथे, गुडघ्यावर हात ठेवून वाकले होते. भट्टीवर पाणी तापायचं आणि तिची ऊब जमिनीखालच्या पोकळीतून फिरायची, म्हणजे फरशीच गरम. ही युक्ती रोमन लोकांची, मूरांनी ती पुढे चालवली. तिथे एक छोटी चित्रफीत लागते, तीत बाहेरच्या बुरुजावर गाढव गोल फिरताना दाखवलंय. बाबा ताडकन उठले. "रहाट! चल, बाहेर चल."

बाहेर खरंच रहाटाचा बुरूज अजून उभा आहे. नदीलगत विहीर, तीवर गाढवाने ओढायचा रहाट, त्याने वर आलेलं पाणी भिंतीच्या माथ्यावरच्या पन्हळीतून हमामात. बाबा त्या भिंतीच्या कडेने चालत गेले, परत आले, डोळ्यांनी उतार मोजला. स्पॅनिशमध्ये रहाटाला 'नोरिया' म्हणतात, पाटाला 'असेकिया', जमिनीतल्या हौदाला 'अल्हीबे'. तिन्ही शब्द अरबी. "म्हणजे राजा बदलला, धर्म बदलला," बाबा म्हणाले, "पण पाटकऱ्याचे शब्द कोणी बदलले नाहीत. कसे बदलणार? दुसऱ्या दिवशी पाणी सोडायचं होतं."

या एका वाक्यासाठी मी त्यांना इतक्या लांब आणलं असतं तरी चाललं असतं. त्यांना मी तसं सांगितलं नाही.

हमामाहून वर चढताना दम लागतो. गुडघ्याचा त्रास असेल तर आधी खाली हमाम, मग सावकाश वर, वाटेत कॉफी, आणि मिना त्यानंतर. आम्ही कॉफी गाळली, ती चूक झाली.

मिना ज्या वाड्यात आहे त्याचं नाव 'कासा देल रेय मोरो', मूर राजाचं घर. घर अठराव्या शतकातलं. कुठल्याही मूर राजाने ते पाहिलेलं नाही. बाहेरची टुमदार बागही १९१२ साली फोरेस्तिए नावाच्या फ्रेंच माणसाने आखलेली. मात्र त्या बागेच्या कोपऱ्यात एक अंधारं दार आहे, आणि ते दार खरं आहे.

हा जिना चौदाव्या शतकातला. गाव कड्यावर, नदी दरीच्या तळाशी, वेढा पडला तर पाणी कुठून आणायचं? तर कड्याच्या आतून. सुमारे साठ मीटर खोल, दोनशेच्या आसपास पायऱ्या. पायऱ्या एकसारख्या नाहीत, काही गुडघाभर उंच, ओल्या आणि बुळबुळीत. मधेमधे खडकात कोनाडे, भिंतीत बाणाच्या फटीएवढा उजेड. मला देवगिरीच्या अंधारीची आठवण झाली. बाबांना बारवेची. "बारवच आहे ही," ते म्हणाले, "फक्त उभी केलेली."

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही इथेच थांबा, मी फोटो काढून आणते." ते माझ्याकडे न बघताच उतरायला लागले. दर वीस पायऱ्यांना थांबायचे, भिंतीला तळहात लावायचे. भिंत पाझरत होती.

पाणी वर न्यायचं काम ख्रिस्ती कैद्यांचं. कातडी पखालीत नदीचं पाणी भरायचं आणि माणसांच्या साखळीने, हातोहात, या पायऱ्यांवरून वर. त्या काळी शिवी होती म्हणे: 'रोंदात पखाली वाहत मरशील.' स्पॅनिशमध्ये पखालीला 'साके'. ते वाक्य मी आधी वाचलेलं होतं, गंमत म्हणून बाबांना सांगायचं ठरवलं होतं. त्या जिन्यात उभं राहून ते गमतीचं वाटेना. भरलेली पखाल पाठीवर घेऊन या पायऱ्या चढताना हात कुठे धरायचा, एवढाच विचार आला. धरायला काही नाही.

मे १४८५ मध्ये ख्रिस्ती राजा फर्डिनांडच्या फौजेने वेढा घातला तेव्हा तोफा होत्याच, पण काडिसचा मार्क्विस या त्याच्या सरदाराच्या माणसांनी हा खालचा जिना ताब्यात घेतला आणि गावाचं पाणी तोडलं. त्यानंतर गाव फार दिवस टिकलं नाही. त्या युद्धात सोडवलेल्या कैद्यांच्या बेड्या तोलेदोच्या एका मठाच्या बाहेरच्या भिंतीवर आजही टांगलेल्या आहेत.

तळाला एक छोटा ओटा आहे. नदी समोर, हिरवी आणि गप्प, दोन्हीकडे उभे कडे, वर आकाशाची चिंधी. तिथे एक मुलगी तिच्या आईला घेऊन आली होती, मोरोक्कोमधल्या तेतुआनहून. मुलीला इंग्रजी येत होतं. तिने सांगितलं की तेतुआनमधल्या पुष्कळ घराण्यांचे पूर्वज इथूनच, म्हणजे ग्रानादाच्या मूर राज्यातून, पंधराव्या शतकाच्या शेवटी तिकडे गेले, आणि तिच्या आजीच्या घरात अजून स्वतःला 'अंदालुसी' म्हणवतात. आईने पायरीवर बसून पाण्यात हात बुडवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

मग शब्दांचा खेळ सुरू झाला. बाबा म्हणाले साबण, ती म्हणाली साबून. साखर, सुक्कर, आणि स्पॅनिश असूकार. हौद म्हटल्यावर तिची आई एकदम "हौद! हौद!" करत हसली. पण सगळ्यात मजा आली ती 'फलाणा'ने. आपला फलाणा फारसीतून आलेला, मुळात अरबी 'फुलान'. आणि स्पॅनिशमध्येही अमक्यातमक्याला 'फुलानो'च म्हणतात. एका माणसाचं नाव तीन खंडांत सारखं, आणि तो कोण हे कोणालाच ठाऊक नाही.

वर यायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. दोन टप्प्यांवर त्या मुलीने बाबांना हात दिला. बाबांनी तिला मलिक अंबरबद्दल सांगितलं: आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला माणूस, निजामशाहीचा वजीर झाला आणि त्याने औरंगाबादला जमिनीखालून नहर काढून पाणी आणलं. मी भाषांतर करता करता धापा टाकत होते. त्यांनी विचारलं नाही मला दम लागलाय का.

संध्याकाळी पाय उचलत नव्हते, तरी मठात गेलो. अलामेदा बागेजवळ ला मेर्सेद हा जोगिणींचा मठ आहे. संत तेरेसाचा हात तिथे जपून ठेवला आहे. हुकूमशहा फ्रँकोने तो मरेपर्यंत स्वतःजवळ ठेवला होता. हात बघायची मला हौस नव्हती, मिठाईची होती. या जोगिणी बाहेरच्या माणसाला तोंड दाखवत नाहीत. भिंतीत एक फिरतं लाकडी कपाट असतं. घंटी वाजवायची, आतून आवाज येतो 'आवे मारिया पुरीसिमा', आपण काय हवं ते सांगायचं, पैसे कपाटात ठेवायचे. कपाट फिरतं आणि डबा बाहेर.

आम्ही नानकटाईसारख्या दिसणाऱ्या बदामाच्या वड्या मागवल्या. डबा आला. बाबांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "तूप कसलं आहे विचार." मी भिंतीला विचारलं, "मान्तेका?" भिंत आनंदाने म्हणाली, "सी, सी! दे सेर्दो!" डुकराची चरबी. बदाम-साखरेची रीत मूरांची, चरबी नंतरच्यांची. डबा परत कपाटात ठेवला. आत कुजबुज झाली, कपाट फिरलं आणि दुसरा डबा आला: 'येमास', अंड्याचा बलक आणि साखर, बस. गोडाला इतकं गोड की अर्ध्यावर थांबावं लागतं. शाकाहारी मंडळींनी स्पेनमधल्या बिस्किटांना 'मान्तेका' हा प्रश्न विचारल्याशिवाय हात लावू नये.

२८ फेब्रुवारी: बस नाही

आज सेतेनिलला जायचं ठरलं होतं. कड्याच्या छपराखाली घरं असलेलं गाव, वीसेक किलोमीटरवर. सकाळी स्थानकावर जाऊन बसलो. बस आली नाही. अर्ध्या तासाने झाडूवाल्याने येऊन भिंतीवरच्या कागदावर बोट ठेवलं. २८ फेब्रुवारी, अंदालुसिया दिन, सुट्टी. १९८० साली याच दिवशी इथल्या लोकांनी स्वायत्ततेसाठी मतदान केलं होतं. मी सगळी तिकिटं, सगळ्या वेळा तपासल्या होत्या. तारीख तपासली नव्हती. चूक माझी. बाबा म्हणाले, "एक मेला आपल्याकडे तरी काय असतं उघडं?" आणि स्थानकाकडे पाठ करून चालायला लागले.

तो दिवस सगळ्यात चांगला गेला. गॅलऱ्यांमधून हिरवा-पांढरा झेंडा, पोरं नव्या कपड्यांत, चौकात एका टेबलावर पाव आणि तेल ठेवलेलं, ज्याला हवं त्याने घ्यावं. आम्ही घेतलं.

गावाच्या दक्षिण टोकाला तेराव्या शतकातला दरवाजा आहे, 'पुएर्ता दे आल्मोकाबार'. दोन गोल बुरूज आणि मधे नालाची कमान. नाव 'अल-मकाबिर'वरून: दरवाज्याबाहेर कबरस्तान होतं. 'मकबरा' हा शब्द बाबांना समजावून सांगायची गरज नव्हती. बीबी का मक्बऱ्यावरून ते वर्षानुवर्षं सायकलने कचेरीत गेले होते. कबरस्तानाच्या जागी आता मैदान आहे आणि तिथे मुलं फुटबॉल खेळत होती. एका बाकावर एक आजोबा संत्रं सोलत बसले होते, फार मन लावून. आमच्यासाठीही एक सोललं. इथे रस्त्याकडेच्या झाडांवर लगडलेली संत्री दिसतात, ती तोडून खाऊ नका. कडू जातीची असतात, मुरांब्याची. आजोबांचं संत्रं त्यांच्या शेतातलं होतं. 'नारांहा', ते म्हणाले. 'नारिंग', बाबा म्हणाले. दोघांना वाटलं समोरच्याचा उच्चार जरा चुकतोय.

परतताना सांता मारिया ला मायोर या थोरल्या चर्चमध्ये डोकावलो. इथे मोठी मशीद होती. चर्च बांधायला दोनेकशे वर्षं लागली, त्यामुळे अर्धं एका धाटणीचं, अर्धं दुसऱ्या. सोनेरी वेदी वगैरे सगळे बघतात. प्रवेशाजवळ मात्र मिहराबची, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याची, कमान उरलेली आहे, चुन्यातली नक्षी, वेली आणि अक्षरं. लोक तिकीट दाखवून तिच्यावरून पुढे जातात. आम्हीही गेलो असतो, बाबा चष्मा पुसायला थांबले म्हणून दिसली.

आणि त्याहून छोटं एक काम आहे: सान सेबास्तियानचा मिनार. चौदाव्या शतकातली मशीद गेली, मग तिच्यावरचं चर्चही गेलं, उरला फक्त दोनमजली बंगल्याएवढा मिनार. खाली दगड आणि नालाकृती दार, वर विटा, त्यातला सगळ्यात वरचा भाग घंटेसाठी नंतर चढवलेला. त्या इवल्या चौकाला अबुल बेका या कवीचं नाव दिलंय. तेराव्या शतकातला रोंदाचा अरबी कवी, एकामागून एक शहरं हातची जात होती तेव्हा त्याने त्यांचा शोक लिहिला. त्याच्या स्वतःच्या गावाची पाळी त्याच्यानंतर दोनशे वर्षांनी आली. चौकात कोणी नव्हतं, एक मांजर आणि वाळत घातलेल्या चादरी.

बैलांच्या झुंजीचं १७८५ सालचं गोल मैदानही इथे प्रसिद्ध आहे. आम्ही आत गेलो नाही. बाबा बाहेरच्या ब्राँझच्या बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पोळ्याला याला काय सजवला असता!"

दुपारी ऊन पडलं. कड्याच्या पश्चिमेकडून एक पायवाट दरीत उतरते, तिथून पूल खालून दिसतो. बूट नीट असतील तरच जा, वाळू घसरते. मी अर्ध्यापर्यंत गेले. बाबा वर बाकावर बसून राहिले. मिनाने त्यांचा गुडघा संपवला होता आणि ते कबूल करत नव्हते. वर आले तेव्हा ते वहीत जिन्याचा छेद काढत होते. पायऱ्या, कोनाडे, खाली नदी. बाजूला बारीक अक्षरात हिशेब: एका पखालीत किती पाणी, साखळीत किती माणसं, दिवसाला किती खेपा. शेवटच्या रकमेखाली दोन रेघा मारून त्यांनी लिहिलं होतं: 'पुरत नाही'.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे एवढ्यावर गाव जगणार नाही. वर पावसाचे हौद असणारच. माणसं फक्त वेढ्यात वापरत असतील." मग थोड्या वेळाने, "किंवा रात्रीसुद्धा वाहत असतील."

१ मार्च: परत

सकाळची बस वेळेवर आली. मालकीणबाईंनी बॅगेला सुतळीने एक चाक बांधून दिलं होतं, कुठल्या तरी जुन्या बाजाररहाटीच्या गाडीचं. ते मुंबई विमानतळापर्यंत टिकलं.

बाबांनी मालागात काकवीची बाटली घेतली होती, मोज्यात गुंडाळून बॅगेत. गेल्या रविवारी वांग्याचे काप तळले, त्यांच्यासारखे पातळ, आणि दोन वाट्या मांडल्या: एकीत ती, दुसरीत कोल्हापूरची. बाबांनी दोन्ही चाखल्या, पुन्हा चाखल्या.

"आपली चांगली आहे," म्हणाले, आणि त्यांची वाटी पुढे ओढली.